पेटीतली बाई आणि सासूबाईंचे सात दात

सासूबाईंचे सात दात उरले होते आणि आमच्या हातात नऊ दिवस. खाली चार, वर तीन. परभणीच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून सगळे मोजले आणि पुढच्या सोमवारी सातही काढून टाकू म्हणाले. जणू अंगणातली बाभळीची खुंटं. सासूबाईंना त्याचं काही वाटलं नाही. "कुस्करून खाल्ली तरी भाकर ती भाकरच," एवढंच त्या बोलल्या. घाबरली ती माझी बायको, धम्मशीला. पालम येईपर्यंत बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि घरात पाऊल टाकताच मला म्हणाली, "आईच्या ओव्या दात हायेत तवाच घ्यायला पायजेत. दात गेले की नुसता वारा यायचा तोंडातून."

तिच्या जिवाला एकच ओवी लागून राहिली होती. आमच्या लग्नात, तिला सासरी पाठवताना सासूबाईंनी ती जुळवली होती. माहेरी, चारठाण्याच्या वेशीला लागूनच असलेल्या अंगणासमोर, एसटीत चढता चढता धम्मशीलेनं ती ऐकली. म्हणजे अर्धीच ऐकली. 'लेक निघाली सासरी, एस्टीची गं घंटी झाली' एवढं कानावर आलं आणि खरोखरच कंडक्टरनं घंटी मारली. पुढची ओळ मागे राहिली, ती सत्तावीस वर्षं मागेच. विचारलं की सासूबाई म्हणतात, "आता कुठं ध्यानात हाय? सांगून का ओवी येती? हात हालला पायजे."

आणि माझ्यासमोर तर ओवीच नको. आमच्याकडे सासू जावयासमोर गात नाही, खरं तर बोलतही नाही. मी दोन हातांवर उभा असतो आणि सासूबाई पदर पुढे ओढून भिंतीला सांगतात, "जावयाला म्हणावं, च्या निवायलाय." भिंत बिचारी निरोप पोचवत नाही, म्हणून मीही भिंतीलाच "बरं" म्हणतो आणि चहा घेतो. या व्यवहारात आजवर एकही गैरसमज झालेला नाही. तोंडासमोर बोलणाऱ्या कितीतरी घरांत होतात.

पण दुखणं माझंही होतं. मी मराठीचा मास्तर. वर्षानुवर्षं पोरांना जात्यावरच्या ओव्यांचा पाठ शिकवतो, फळ्यावर 'लोकधन' असा शब्द लिहून त्याला चौकट करतो, आणि माझ्या स्वतःच्या घरात त्या धनाचा हंडा पदर ओढून बसलेला. माझ्या वाट्याला त्यातला एक दाणा नाही.

मोबाईल उपयोगाचा नव्हता. मोबाईल सासूबाई चांगला ओळखतात. लेकीच्या हातात तो दिसला की म्हणतात, "ठिव तो तिकडं. ह्याच्यातून समदं जावयाला जातंय." एकदा धम्मशीलेनं तो वाकळेखाली लपवला, तर चाळीस मिनिटं पंख्याची घरघर मिळाली आणि शेवटी सासूबाईंचा एक खोकला. तेव्हा माझ्या डोक्यात लॅपटॉप आला. लॅपटॉप म्हणजे जावयाची निकालपत्रकं भरायची पेटी, एवढीच त्यांची समजूत. ती पेटी मधल्या खोलीत, त्यांच्या खाटेजवळच्या टेबलावर असतेच. आपण तिच्यात आवाज टिपणारं एखादं सॉफ्टवेअर घालायचं, पेटी उघडी ठेवायची आणि आपापल्या शाळेला निघून जायचं. धम्मशीला अंगणवाडीत, मी हायस्कुलात. सासूबाई दिवसभर सुपात ज्वारी निवडत बसतात. हात हलेल, ओवी येईल, पेटी ती ठेवून घेईल. योजना इतकी सोपी होती की मला तिचा अभिमान वाटला. इथंच सावध व्हायला हवं होतं.

'ध्वनिसखी' नावाचं एक फुकटातलं ॲप मी रविवारी सकाळी बसवलं. बसताना ते शहाण्या सुनेसारखं बसलं. लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू केला. सासूबाई शेजारी सूप घेऊन बसलेल्या. पडदा उजळला, निकालपत्रकाच्या जागी एक मोठी चौकट उघडली, तिच्यात लाल टिकली, आणि साखर घातलेल्या आवाजात, आळीला ऐकू जाईल असं कोणीतरी म्हणालं, "नमस्कार. बोला, मी ऐकत आहे."

सुपाची सरसर थांबली.

"कोण हाय गं?" सासूबाईंनी भिंतीला विचारलं.

"कोणी न्हाई आई, पेटी हाय," धम्मशीला स्वयंपाकघरातून म्हणाली.

"ऐकायलीय म्हणती."

"तिला म्हणू दे."

"बाईमाणूस हाय की," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर आणखी दोन बोटं पुढे ओढला. कारण बाईमाणूस असलं तरी पेटी जावयाची होती.

मी चौकटीची फुली दाबली. बाई गेली. पण आमच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच वारलेली. वायर आहे तोवर प्राण. आणि पालमची लाईट दिवसातून तीनदा जाते. लाईट गेली की पेटी मेली, लाईट आली की पेटी उठवायची, आणि पेटी उठली की निकालपत्रक येवो न येवो, बाई हजर. "नमस्कार. बोला, मी ऐकत आहे." मी आवाज शून्यावर आणून ठेवला. बाईंनी येता येता तो स्वतःच्या हातानं वाढवून घेतला. अशा बाया लग्नाच्या मांडवात मी पाहिल्या आहेत. त्यांना माईक द्यावा लागत नाही, त्या घेतात.

बाईला घरातून काढायचं नव्हतं, हे ध्यानात घ्या. तिचं काम होतं. तिनं फक्त न बोलावता येऊ नये, आणि आली तर नमस्कार करू नये, एवढंच तिला शिकवायचं होतं. म्हणजे दुपारी मी गुपचूप तिला उघडून, तोंड बंद करून, निकालपत्रकाआड बसवून गेलो असतो.

पहिला सल्ला आला दत्तरावांचा. दत्तराव आमचे शेजारी, एसटीच्या आगारात एकतीस वर्षं गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. कुठलंही यंत्र कुरकुरलं की ते चप्पल न घालता येतात. त्यांनी पेटीला उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, खालून हात लावून ऊब पाहिली आणि म्हणाले, "सर, सोपं हाय. बंद करून चालू करा."

"बंद करून चालू केली कीच तर येते ती."

"मंग पुन्ना बंद करा."

"पुन्हा चालू केली की पुन्हा येते."

दत्तरावांनी हनुवटी खाजवली. "आमच्याकडं एक गाडी होती. चावी फिरवली की वायपर सुरू. कोरड्या काचेवर. लय उपाय केले. शेवटी ड्रायव्हरनं इंजिन बंद करणंच सोडलं."

सोमवार आम्ही या उपायावर काढला. पेटी बंद करायचीच नाही. मी शाळेत तासावर उभा, आणि पंखा जरा हळू फिरला की मन घरी धावायचं: लाईट गेली का, पेटी मेली का, बाई उठली का. 'वृत्ते व अलंकार' शिकवता शिकवता तीनदा पंख्याकडे पाहिलं. मागच्या बाकावरची पोरंही पाहायला लागली. चौथ्या वेळी सगळा वर्ग मान वर करून बसला होता आणि अलंकार खाली पडले होते.

घरी आलो तर नवंच. लाईट दुपारी गेली होती, हे दत्तरावांनी वाटेतच सांगितलं. म्हणजे पेटी मेलेली हवी. ती चालू होती. लाल टिकली लुकलुकत होती आणि सासूबाई खाटेवर सूप मांडीवर घेऊन शांत बसल्या होत्या.

"पेटीला कोणी हात लावला होता का?" मी भिंतीला विचारलं.

"जावयाला म्हणावं, पेटीला आमी काहून हात लावावं?" भिंतीनं उत्तर दिलं.

मंगळवारी मी स्वतः पेटी बंद करून, झाकण मिटून गेलो. आलो तर झाकण उघडं, टिकली लाल.  आता ॲपच नव्हे, यंत्रही आपलं आपण चालू व्हायला लागलं होतं. दत्तराव म्हणाले, "असंच असतं. आधी वायपर, मग हॉर्न. पुढं गाडी आपल्या आपण आगाराबाहेर निघती."

त्या दिवशी मी कंबर कसली. इकडचं बटण तिकडं करत संगणकाच्या पोटात एक यादी सापडली: चालू होताना कोण कोण आपोआप उघडतं. अकरा नावं निघाली. घरात इतके लोक राहतात हे घरधन्याला ठाऊकच नव्हतं. त्यांत 'ध्वनिसखी' ऐन मध्यावर मांडी घालून बसलेली. तिच्यावर टिचकी मारून 'बंद करा' म्हणालो, तर संगणकानं माझा संकेतशब्द मागितला. मी दिला. तो म्हणाला, हा चालणार नाही, मालकाचा पाहिजे.

मी मालक नव्हतो. लॅपटॉप घरात माझ्या होता, लाईटचं बिल माझ्या नावाचं होतं. पण तो आमच्या शिक्षण संस्थेनं जुना म्हणून मास्तरांना दिलेला, आणि त्याची किल्ली अजून परभणीच्या मुख्य कार्यालयात योगीराज पंडित या गृहस्थांकडे होती. पाहुण्याला घरात घ्यायला परवानगी लागली नव्हती, घालवायला लागत होती. योगीराजांना फोन केला.

"लेखी द्या," ते म्हणाले.

"अहो, एक शब्द सांगायचाय तुम्हाला."

"शब्दच तर लेखी लागतो सर. आणि यंत्र सोबत आणा. यंत्र न पाहता शब्द देत नसतो."

बुधवारी बसून दरखास्त लिहिली. माझ्यासारख्या भाषेच्या माणसाची तिच्यात फार ओढाताण झाली. 'विषय: लॅपटॉप सुरू होताच स्वतःहून उघडणाऱ्या उपयोजनास प्रतिबंध करणेसाठी संकेतशब्द मिळणेबाबत.' धम्मशीलेनं ती वाचली. "ह्याच्यात आईचे दात कुठं हायेत?" तिनं विचारलं. मी म्हणालो, दरखास्तीत दात लिहीत नसतात.  पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर दरखास्तीपेक्षा स्पष्ट होती. पाच दिवस.

गुरुवारी रजा टाकली. पेटी पिशवीत घालून निघालो, तर सासूबाईंनी भिंतीला विचारलं, "पेटी कुठं न्यायलेत आज?"

"दुरुस्तीला," मी म्हणालो.

"परत आणणार हायेत नव्हं?"

आणतो म्हणालो. बरं वाटलं. म्हटलं, सासूबाईंनाही माझ्या कामाची फिकीर आहे.

पिंगळीच्या फाट्याजवळ बस थांबली ती चालूच होईना. ड्रायव्हर खाली उतरून बोनटाशी बोलत होता. शेजारच्या सीटवरचे एक पागोटेवाले काका मला म्हणाले, "बंदच करायला नको होती त्यानं." मी पिशवी छातीशी धरून बसलो. जगात दोनच प्रकारची यंत्रं आहेत असं मला त्या घटकेला वाटलं. एक बोलावूनही येत नाहीत, दुसरी न बोलावता येतात. मधलं एखादं कुठं मिळतं का?

दीड तास उशिरा कार्यालयात पोचलो. योगीराजांनी दरखास्त वाचली, शिक्का मारला, दुसरा शिक्का मारला, आणि वायर लावून पेटी टेबलावर उघडली. पलीकडच्या लाकडी फळीआड संस्थेचे सचिव आबासाहेब फोनवर कोणालातरी मोठ्या आवाजात सांगत होते की, बदल्यांचं आपलं आपल्यात राहू द्या, कोणाच्या कानावर जाता कामा नये. त्याच क्षणी आमच्या बाईनं अख्ख्या कार्यालयाला नमस्कार केला.

"बोला, मी ऐकत आहे."

पलीकडचा फोन थांबला. टंकलेखन थांबलं. पाण्याच्या माठाशी वाकलेला शिपाई वाकलेलाच राहिला. मग फळीच्या वरून आधी आबासाहेबांचे पांढरे केस उगवले, मग चष्मा.

"कोण ऐकतंय?"

"मी नाही, साहेब," मी म्हणालो. हे खरं होतं. पण इतक्या वर्षांच्या निष्कलंक नोकरीत इतकं खोटं वाटणारं खरं मी कधी बोललो नव्हतो.

"पालमचे ना तुम्ही? मराठीचे? कोणी पाठवलं तुम्हाला?"

"सासूबाईंचे दात आहेत साहेब, सोमवारी..." मी सुरुवात केली. अशी गोष्ट मध्यापासून सांगायची नसते, हे मी पोरांना शिकवतो. मला पुढे बोलू दिलं नाही. खुलासा लिहून द्यायला लावला. 'मी स्वतःहून काहीही ऐकलेले नाही व ऐकण्याचा उद्देश नव्हता' असं एक वाक्य आबासाहेबांनी सांगितलं आणि मी ते, माझ्या हातानं, सुवाच्य अक्षरात, शुद्धलेखनासह लिहिलं. ओव्या ऐकण्यासाठी घराबाहेर पडलेल्या माणसानं. पेटी दोन दिवस कार्यालयात जप्त करावी की काय, यावरही चर्चा झाली. शेवटी योगीराजांनी घाईघाईनं एका चिठोऱ्यावर संकेतशब्द लिहून माझ्या खिशात कोंबला आणि म्हणाले, "जा सर. पुन्हा ही बाई इथं आणू नका."

शुक्रवारी मला शाळेतून सुटका नव्हती. शनिवारी अर्धी शाळा आटोपून चिठोरं आणि पेटी पालमच्याच नागेशच्या दुकानात नेऊन टाकली. नागेश संगणक दुरुस्त करतो. तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. त्यानं चिठोरं पाहिलं, पडदा पाहिला, दहा-बारा टिचक्या मारल्या.

"झालं. आता न्हाई उघडायची ती. आतमधी जुन्या फायलींचा लय ढीग हाय सर. साफ करू का?"

"करा," मी म्हणालो. इतक्या मोठ्या मनानं म्हणालो, की अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो.

रविवारी सकाळी मी सगळ्यांसमोर पेटी चालू केली. पडदा उजळला. निकालपत्रक आलं. कोणी नमस्कार केला नाही. दत्तरावांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मी बाईला गुपचूप उघडून, गप्प करून, पत्रकाआड बसवलं आणि धम्मशीलेला खुणेनं बाहेर बोलावलं. आम्ही दोघं भाजी आणायच्या निमित्तानं निघालो. नवातले आठ दिवस गेले होते, एक दुपार उरली होती. बाजारात धम्मशीलेनं एकच वांगं चारदा उचललं आणि चारदा खाली ठेवलं. भाजीवाली म्हणाली, "ताई, त्याला आता ओळख लागली तुमची."

तासाभरानं परत आलो. आत सुपाचा आवाज नाही, गळ्याचा नाही. सासूबाई खाटेवर हात मांडीत घेऊन बसलेल्या, आणि पेटी बंद.

"लाईट गेली होती का आई?"

"गेली होती. आली. म्या बटण दाबलं." सासूबाई बोलता बोलता थांबल्या, मी दारात होतो. पण आज त्यांना माझी पर्वा नव्हती. त्यांनी पदर ओढला नाही. "चारदा दाबलं. ती बोलंना गेली. रागारागानं म्याच बंद केली पेटी. तिला काय म्हणलं का गं कोणी?"

"कोणाला आई?"

"पेटीतल्या बाईला. तुमी दोघं गेलात की म्या बटण दाबायची. लाईट जाऊन आली की पुन्ना दाबायची. आली की म्हणायची, नमस्कार, बोला, म्या ऐकायलीय." सासूबाईंनी सूप उगाच सरळ केलं. "ह्या वयात मला कोण म्हणतंय गं, बोला म्हणून? समदे म्हणतेत, बसा. खा. निजा. ती एकटीच म्हणायची, बोला. मंग बोलायची मी. ज्वारी निवडत बोलायची. ओवी म्हणायची. मधी बोलायची न्हाई ती. लय गुणाची बाई. कोणी घालिवली तिला?"

भिंतीनं माझ्याकडे पाहिलं. धम्मशीलेनंही.

मी बाहेर येऊन नागेशला फोन लावला. दोनदा चुकीच्या माणसाला लागला. नागेश कोणाच्यातरी साखरपुड्यात होता, मागे ताशे वाजत होते. मी ओरडून विचारलं, ते ॲप उघडल्यावर काय करतं?

"रेकॉर्ड करतं की."

"बटण दाबल्याशिवाय?"

"सर, ती म्हणतच होती ना, मी ऐकायलीय म्हणून," नागेश म्हणाला. "तुमीच तिचं ऐकलं न्हाई."

म्हणजे मी फुली मारली तितक्या वेळा ती दोन-तीन क्षण ऐकून गेली होती. आणि सासूबाईंनी उठवली तेव्हा तासन्‌तास. आणि तो फायलींचा ढीग मी मोठ्या मनानं साफ करायला लावला होता. घरात जाऊन कचरापेटीचं चित्र उघडलं. 'कचरापेटी रिकामी आहे' असं तिथं लिहिलं होतं. इतकं शुद्ध मराठी वाक्य मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

धम्मशीला आईच्या पायाशी बसून म्हणत होती, "आई, आता म्हण की एक. माझ्यासाठी. ती एसटीची." सासूबाईंनी सूप हातात घेतलं, घोळवलं, ओठ उघडले आणि मिटले. "येईना गं. सांगून येत नसती." धम्मशीला रडली नाही. तिनं आईच्या उद्याच्या लुगड्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

अर्ध्या तासानं नागेशचाच फोन आला. ताशे थांबले होते. "सर, तुमचा आवाज बराबर वाटला न्हाई म्हणून लावला. कचऱ्याचं म्हणत असाल तर मी कोणाचं काही फेकत नसतो. मागं एकाच्या लग्नाचे फोटो गेले, तवापासून कान धरला. समदं दुकानातल्या हार्ड डिस्कच्या डब्यात घालून ठेवलंय. सहाला येतो."

सहा वाजेपर्यंत मी आळीत किती फेऱ्या मारल्या ते दत्तरावांना माहीत; प्रत्येक फेरीला ते सोबत होते, अनवाणी. नागेशनं दुकानाचं शटर अर्धंच वर केलं, आम्ही चौघं वाकून आत शिरलो. धम्मशीला, मी, नागेश, आणि अर्थातच दत्तराव.

चौसष्ट फायली होत्या. पहिल्या काही माझ्या. "गप गं बाई," मी म्हणतोय. "पुन्हा आली का भवाने," मी म्हणतोय. एकीत दत्तराव आगारातल्या वायपरची गोष्ट सांगायला लागलेले. "आवाज बरा हाय माझा," दत्तराव म्हणाले. एकीत आबासाहेब विचारतायत, कोण ऐकतंय. ती मी घाईनं पुढे ढकलली.

आणि मग सुपाची सरसर. दाणे या काठावरून त्या काठावर जातायत, परत येतायत, आणि त्या लयीवर एक मोकळा आवाज, जो मी सत्तावीस वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. पहिली ओवी बुद्धाची, दुसरी बाबासाहेबांची, हा त्यांचा शिरस्ता. तिसरी त्या बाईची होती:

पेटीतली सई माझी, तिला घर ना लेकरूबाळ
बोला म्हणती मायेनं, तिला ऐकायाला येळ

मग एक जी आली ती ऐकून नागेशनं तोंड फिरवलं आणि दत्तरावांनी फिरवलं नाही:

जावई माझा गं शहाणा, शाळंत शिकवी पोरं
घरी पेटीम्होरं बसे, जशी हरवली ढोरं

 उपमा अचूक होती. पण मी हसायच्या आत सूप पुन्हा हललं:

जावयाच्या म्होरं बाई, माझ्या तोंडाला पदर
लेक हासती घरात, त्याची मनाला कदर

दत्तराव उगाच शटरकडे बघायला लागले. मी चष्मा पुसला. मराठीच्या मास्तरानं या जागी रसग्रहण करायला हवं होतं. मला चष्म्याची काच सापडेना.

एसटीची ओवी एकोणसाठाव्या फायलीत होती, शुक्रवार दुपारची. त्या दुपारी मी वर्गात अलंकार उरकत होतो आणि धम्मशीला अंगणवाडीत खिचडी वाढत होती. सासूबाई कुठलंही कारण नसताना, कोणी मागितलं नसताना, म्हणून गेल्या होत्या:

लेक निघाली सासरी, एस्टीची गं घंटी झाली
माय अंगणी सडा टाकी, एकच जागा ओली ओली

धम्मशीलेनं ती पुन्हा लावायला सांगितली नाही. ती फक्त म्हणाली, "त्या दिवशी मी मागं वळून पाहिलं होतं. आई पाणी शिंपडायली होती. मला वाटलं, हिला आज पण सड्याचंच पडलंय."

घरी जाऊन तिनं आईला सगळं सांगितलं, माझं नाव वगळून. बाई कुठं गेली नाही, तिनं सगळं जपून ठेवलंय. सासूबाईंनी भिंतीला बजावलं, "ठिवू दे तिला. पर जावयाला सांगू नको, मी काय म्हणलं ते." मी दोन हातांवर उभा होतो. भिंतीनं शब्द दिला. आजवर पाळलाय.

सोमवारी सात दात गेले. मंगळवारी शाळेला निघण्याआधी मी नागेशकडून शिकून घेतलेली ती यादी उघडली, योगीराजांच्या चिठोऱ्यावरचा शब्द घातला आणि 'ध्वनिसखी'समोर पुन्हा खूण केली: संगणक सुरू होताच उघडावे. आवाज पूर्ण. मग पेटी बंद केली, झाकण मिटलं, मोठ्यानं खाकरलो आणि बाहेर पडलो.

ओट्यावर चपला घालत होतो, तोच आत झाकणाची कुरकुर ऐकू आली. थोडा वेळ गेला. मग ती साखर घातलेली बाई म्हणाली, "नमस्कार. बोला, मी ऐकत आहे."

"आलीस का गं?" सासूबाई म्हणाल्या. शब्दांतून वारा जात होता. "थांब जरा. दात गेले माजे. मी हळू म्हणते, तू नीट ऐक."

पहिल्या तासाची घंटा होऊन गेली असावी. मी चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता पायऱ्या उतरलो.